न धुतलेलं पोट

ॲडेलिन बायच्या घरातून डुकराचं पोट बाहेर जायचं ते नव्या चादरीसारखं पांढरं होऊन. त्याला वास यायचा नाय. आलाच तर आंबट शिरक्याचा, नि तोही नाक अगदी टेकवलं तर.

कोलशेतला खाडीकडं उतरणाऱ्या गल्लीत तिचं घर. पुढच्या पडवीत लाकडी ओंडका, त्यावर सुरी, नि शनिवार-रविवारी डुकराचं मटण. धंदा सासूचा, सुरी सासूची, स्वच्छतेचं वेडही सासूचंच. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला सासूनं तिच्या हातात उलटं केलेलं पोट दिलं नि सांगितलं, "घासून काढ. आपल्याकडचं पोट लोक आधी नाकानं बघतात, जिभेनं मागाहून." जाडं मीठ लावून चोळायचं, ताडीच्या शिरक्यात रातभर बुडवायचं, सकाळी पुन्हा चोळायचं. घरात कुणी मेलं असेल तरी यात सूट नाय. सासू वारली त्या दिवशीसुद्धा बादलीतली दोन पोटं पुरी धुऊन मगच ॲडेलिन बायनं काळी साडी नेसली, हे मी डोळ्यांनी पाह्यलंय.

आमचं घर तिच्या पाठीला पाठ लावून. आम्ही आगरी, आमच्यात डुक्कर खात नाय. पण तिच्या पडवीत चहा प्यायला मला कधी किळस आली नाय.

शेजारी टॉवर उभा राहिला तेव्हा तिथले एक गृहस्थ नाकाला रुमाल लावून तक्रार घेऊन आलेले. पांढरे केस, इस्त्रीचा झब्बा. वासाचा त्रास होतो म्हणाले.

"काका, रुमाल काढा," ॲडेलिन बाय बोलली. "काढा तर खरं. नि आता सांगा, कसला वास येतो?"

त्यांनी रुमाल काढला, हुंगलं, आजूबाजूला बघितलं, परत हुंगलं. म्हणाले, "लोणच्याचा."

"मग पोळीशी खा नि जा घरी."

गल्ली हसली. ती मात्र हसली नाय. त्या दिवसापासून शिरका तिनं दुप्पट केला.

तिचा नवरा युजीन. रंगाच्या कंपनीत फिटर होता, आता घरी. खाण्यात असा पहिलवान की लग्नाघरी आचारी त्याला मसाला चाखायला बोलवायचे नि टोप लपवून ठेवायचे. त्याला पोटाचं दुखणं होईल यावर कुणाचा विश्वास बसला असता? आधी जळजळ. मग चढ चढताना धाप. मग शी काळी व्हायला लागली तेव्हा त्यानं बायकोला सांगितलं, तेही हसत, "कंपनीचा रंग आता बाहेर येतोय गो." तिनं त्याला तसंच उचलून ठाण्याच्या इस्पितळात नेलं. मी पोपट, टेम्पो चालवतो, भाजीपाल्याचा. त्या दिवशी भाजी राहिली नि हे दोघं गेले.

डॉक्टरीण रुचिता तशी तरुण. तोंडातून दुर्बीण घालून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला. निकाल आला त्या दिवशी तिनं आम्हा तिघांनाही बसवलं नि सरळ सांगितलं, "अंकल, जठरात गाठ आहे. कॅन्सरची आहे. पण अगदी सुरुवात आहे, वरच्या अस्तरातच आहे."

ॲडेलिन बायच्या हातातली पर्स खाली पडली. तिनं उचलली नाय. एवढंच बोलली, "याच्या पोटान?"

जणू दुसऱ्या कुणाच्या पोटात असती तर चाललं असतं.

रुचितानं कागदावर चित्र काढून दाखवलं. गाठ वाईट जागी होती, जठराच्या वरच्या फुगवट्यावर. दुर्बीण मागं वळवून उलटं बघावं लागतं तिथं. रस्ते दोन. एक, सर्जन पोट उघडणार नि सगळं जठर काढून अन्ननळी खाली आतड्याला जोडणार. दुसरा, दुर्बिणीतूनच बारीक सुरी घालून गाठीपुरतं अस्तर सोलून काढायचं नि तोंडावाटे बाहेर आणायचं. खालचा मांसाचा थर तसाच राहतो, पोट जागच्या जागी.

"सगळं काढलं तर माणूस जेवतो कसा?" युजीननं विचारलं.

"थोडं थोडं, सारखं सारखं. पूर्वीसारखं नाही."

"सोरपोतेल?"

सोरपोतेल म्हणजे त्यांचं सणाचं डुकराचं आंबट-तिखट कालवण. रुचितानं मान हलवली, नाही. युजीनचा चेहरा कॅन्सर ऐकून उतरला नव्हता एवढा तेव्हा उतरला.

"मग सोलूनच काढा की गो," ॲडेलिन बाय बोलली.

अडचण तिथंच होती. बोकड सोलताना एकजण कातडं ताणून धरतो, दुसरा सुरी फिरवतो. दुर्बिणीतून सुरी तेवढी जाते, ताणून धरायला दुसरा हात नसतो. सुटलेलं अस्तर सुरीवरच लोंबतं, रक्त साठतं, खालचं दिसेनासं होतं, नि दिसलं नाय की पोटाला आरपार भोक. युजीनच्या जागेला तर हमखास. रुचिता म्हणाली, तसं हातात काही नसताना मी तिथं सुरी लावणार नाही.

पण एक नवं यंत्र आलेलं. ऋतुराज नावाच्या ठाकुर्लीच्या इंजिनियरनं डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात करवून घेतलेलं. यंत्र कसलं, नखाएवढा चिमटा नि त्याला केसासारखी स्प्रिंग. चिमटा गाठीच्या कडेला लावायचा, स्प्रिंगचं दुसरं टोक जठराच्या समोरच्या भिंतीला. स्प्रिंग आखडते, अस्तर वर उचललं जातं, सुरीला जागा होते. तोच तो दुसरा हात. सरकारी परवानग्या झालेल्या. पण इस्पितळाच्या समितीनं अट घातलेली की आधी डुकराच्या पोटांवर काम करून दाखवा, यंत्र लावून नि न लावता, दोन्हीचा हिशेब मांडा. पास झालं तर माणसाला लावा.

सर्जननं तारीख दिली ईस्टरनंतरच्या मंगळवारची. तोवर यंत्र पास, तर त्याच मंगळवारी युजीनची गाठ तोंडातून. नापास, तर त्याच मंगळवारी जठर बाहेर.

"डुकराचं पोट?" ॲडेलिन बायनं तेवढंच पकडलं. "कुठून आणता?"

रुचिता जरा लाजली. "एकजण द्यायचा, तो गावी गेलाय. आम्ही शोधतोच आहोत."

ज्या वस्तूपायी टॉवरची माणसं नाकाला रुमाल लावतात ती वस्तू डॉक्टर शोधत फिरतायत, हे ऐकून ॲडेलिन बायनं पडलेली पर्स उचलली. मग खुर्चीत ताठ बसली. "शोधू नको, बाय. मी देते."

तेव्हा ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस चालू झालेले. या दिवसांत ती पडवी बंद ठेवते. पण शहाडला तिचा मावसभाऊ सिरिल डुकरं पाळतो, हॉटेलांना मटण देतो. त्याच्याकडून पोटं यायची, तिच्या घरी एक रात्र राहायची, नि सकाळी ऋतुराज स्कूटरवर बर्फाची पेटी घेऊन यायचा.

ऋतुराज जन्मात मासळीबाजारातसुद्धा न गेलेला. पहिल्या दिवशी त्यानं डबा उघडला तो एक डोळा मिटून. मग दुसराही उघडला.

"आंटी, वासच नाही!"

"नाय येणार."

"अहो, त्या आधीच्या माणसाकडून आणायचो ना, तेव्हा मला जेवण जायचं नाही. आई विचारायची, ऑफिसात काय खाऊन येतोस रे? हे तर… हे तर हातात धरवतं."

ॲडेलिन बायचा चेहरा असा फुलला की नवरा आजारी आहे हे क्षणभर ती विसरली असावी. त्या रात्री तिनं ईस्टरसाठी राखून ठेवलेली शिरक्याची बरणी फोडली. युजीन आत खाटेवर पडून ओरडला, "अगो, माझ्या ईस्टरचा शिरका!"

"तुझ्याच पोटासाठी चाललाय तो. गप पड."

एका हातानं मीठ चोळायची, ओठांवर माळेची प्रार्थना. जेवढं पांढरं होईल तेवढं नवऱ्याचं पोट वाचेल असं काहीतरी तिनं मनाशी धरलेलं. मी बघत होतो. मला तरी कुठं काय कळत होतं?

ईस्टरआधीच्या शेवटच्या, पवित्र आठवड्याच्या सोमवारी ऋतुराजची स्कूटर बंद पडली. फोन आला, आंटी, तुम्हीच आणून देता का? आम्ही टेम्पोत पेटी टाकून गेलो. रुचिता म्हणाली, आलाच आहात तर बघा, आतच या.

डॉक्टरांना शिकवायची ती खोली. मध्ये टेबलावर प्लास्टिकचा पेटारा, त्यात ॲडेलिन बायनं धुतलेलं पोट ताणून बसवलेलं. एका भोकातून दुर्बीण आत. समोर मोठा पडदा. पडद्यावर पोटाची आतली भिंत दिसत होती, फिकट, कोरडी. अस्तर सुटं व्हावं म्हणून रुचितानं त्याच्याखाली निळं पाणी टोचलं. फुगा यायला पाहिजे होता. आला तो लगेच बसला. परत टोचलं, परत बसला. मग तिनं कड कापली, चिमटा लावला, स्प्रिंग सोडली. अस्तर वर उचललं गेलं, अगदी खिडकीच्या पडद्याची कड उचलावी तसं. मी मनात म्हटलं, वा.

नि ते फाटलं. ओल्या पापडासारखं. चिमटा तुकडा घेऊन तिकडं गेला नि बाकीचं खाली पडलं.

ऋतुराजनं कपाळावर हात मारला. "आजपण."

"रोज हेच," रुचिता हातमोजे काढत म्हणाली. "न लावता करते तेव्हा निदान फाटत तरी नाही." मग ती ॲडेलिन बायकडं वळली. तिच्या तोंडावर ते डॉक्टरी हसू नव्हतं. "आंटी, बरं झालं तुम्ही स्वतः बघितलंत. चिमट्याची ओढ अस्तराला झेपत नाहीये. शनिवारी समितीपुढं मला हेच मांडावं लागेल. अंकलना हे लावता येणार नाही. सर्जनची तारीख आहे तशीच राहील."

ॲडेलिन बाय पडद्याकडं बघत राहिली. फाटलेल्या अस्तराची कड तिथं तशीच दिसत होती.

"पण मी एवढं करून आणते," ती बोलली. भांडल्यासारखी. "एक डाग नाय ठेवत. मीठ चोळते, शिरक्यान रातभर…"

"कशात?"

"शिरका. व्हिनेगर. घरचं हाय, ताडीचं. बाजारचं नाय वापरत मी."

रुचितानं काढलेले हातमोजे टेबलावर टाकले. मग सावकाश पेटाऱ्याकडं गेली, वाकली, नि त्या पोटाला नाक लावलं. एवढे दिवस त्यावर सुरी चालवली, पण नाक कुणी लावलं नव्हतं.

"ऋतुराज," ती म्हणाली, "इकडे ये. वास घे."

त्यानं घेतला. त्याचा रंग उडाला. "लोणचं," तो म्हणाला नि जवळच्या स्टुलावर बसला. "आपण लोणच्यावर टेस्ट करतोय. मॅडम, आधीच्या माणसाकडच्या पोटांवर फाटत नव्हतं. एकदाही नाही. मी म्हटलं स्प्रिंगचा नवा लॉट खराब आला. कारखानदाराशी भांडून आलो मी!"

"मीठ नि आंबट रातभर मुरलं तर अस्तरात काय राहणार? पाणी धरणार कसं ते?" रुचिता आता कुणाशीच बोलत नव्हती. "वास येत नाही म्हणून आपण खूष. कुणी विचारलंच नाही, का येत नाही."

ॲडेलिन बायला सगळं कळायला वेळ लागला. मी बघत होतो, ते तिच्या तोंडावर कसं उतरत गेलं. आधी कपाळ, मग डोळे, मग हनुवटी. ती रडली नाय. भिंतीला टेकली नि स्वतःच्या हातांकडं बघितलं. मिठानं नखांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या.

"म्हंजे मीच," ती बोलली. "मीच त्याचं पोट कापायला दिलं."

"आंटी, तसं नका…"

"तू गप बस गो. मना सांग, आता काय करायचं?"

हे मात्र खास तिचं. धक्का बसला तरी हात रिकामा ठेवायचा नाय.

रुचितानं सांगितलं, ही सगळी पोटं बाद. शुक्रवारपर्यंत ताजी मिळाली, बर्फात न गोठवलेली, मीठ-शिरका न लागलेली, तर सगळं परत करून शनिवारी समितीपुढं ठेवता येईल. आत फक्त साधं पाणी हलवून अन्न काढायचं. चोळायचं नाही.

"चोळायचं नाय," ॲडेलिन बाय स्वतःशी घोकत बाहेर पडली. "चोळायचं नाय."

टेम्पोत बसल्यावर तिला आठवण झाली. "पोपट, पवित्र आठवडा चाललाय रे. सिरिल डुकराला सुरी नाय लावणार."

बुधवारी आम्ही शहाडला गेलो. उल्हास नदीकडच्या अंगाला सिरिलचा डुकरांचा वाडगा. सिरिल अंगानं दांडगा, मिशा डुकराच्या केसांसारख्या ताठ. बहिणीचं ऐकून त्यानं विडी विझवली.

"येड लागलं तुला? या आठवड्यान सुरी? माजा बापूस कधी काढला नाय, त्याचा बापूस नाय."

"खायाला नकोय मना."

"मग काय दागिना करून घालतेस?"

"दाक्तरीण कापून बघणार."

"नि मटणाचं? गुड फ्रायडेला कोणाला चारू, तुझ्या पोपटाला?"

"फ्रीजान टाक. ईस्टरला हॉटेलं रांग लावतील."

"नि पाद्रीनं विचारलं तर?"

"सांग युजीनचं पोट जाणार होतं."

सिरिल कुंपणाला टेकला. वाडग्यात डुकरं एकमेकांना ढुसण्या देत होती. युजीननं याच्या लग्नात अख्खा टोप संपवलेला, ती गोष्ट हा अजून सांगतो. विडी परत पेटवायला त्यानं काडी ओढली, ती तशीच बोटांपर्यंत जळली.

"परवा सकाळी ये," तो म्हणाला.

शुक्रवारी सगळं शहर सुट्टीवर नि आम्ही वाडग्यात. सिरिलनं आधी छातीवर क्रूस केला, वर बघून काहीतरी पुटपुटला, नि कामाला लागला. पोटं बाहेर आली तशी त्याचा हात सवयीनं मिठाच्या घमेल्याकडं गेला.

"मीठ नको लावू!" ॲडेलिन बाय एवढ्या जोरात ओरडली की शेडवरचे कावळे उडाले.

"अगो, असंच?" सिरिल बघतच राहिला. "आतला चारा काढला, पण ती लिबलिबीत घाण? तीसुद्धा ठेवू?"

"तीच पायजे."

"माझ्या हातून असलं गेलं तर लोक काय बोलतील? सिरिलनं घाण दिली?"

"माझ्या हातून गेलं असं सांग. माझंच नाव खराब होऊ दे."

त्यानं साध्या पाण्यानं नुसतं हलवलं नि डब्यात टाकलं. झाकण लावताना तोंड फिरवलं. इतक्या वर्षांच्या कसायाला आपल्याच कामाची शिसारी आलेली मी पहिल्यांदा पाह्यली.

वास म्हणजे काय ते मी त्या दिवशी शिकलो. दुर्गाडीचा पूल ओलांडेपर्यंत मी दोन्ही काचा खाली घेतल्या. कोनगावाजवळ डोकं बाहेर काढून चालवायला लागलो. कशेळीच्या पुलावर गाड्या तुंबल्या नि शेजारच्या मोटारसायकलवाल्यानं आधी आपल्या बुटांचे तळ बघितले, मग आमच्याकडं. ॲडेलिन बाय डबा मांडीवर घट्ट धरून बसलेली. मान खाली. कॅन्सरचा निकाल ऐकताना तिनं मान खाली घातली नव्हती.

बाळकूमच्या अलीकडं तिनं पिशवीत हात घातला नि एक छोटी बाटली काढून माझ्यापुढं धरली. शिरका.

"ही तू ठेव, पोपट. सवयीनं घेतली गेली. माझा हात वळवळतोय."

मी ती सीटखाली टाकली. पुढं इस्पितळ येईपर्यंत ती दोन्ही हात डब्यावर नि मी एक पाय बाटलीवर असे गेलो.

ऋतुराजनं डबा उघडला, बंद केला, नि बाहेर पळाला. बेसिनचा आवाज आला. परत आला तो डोळ्यांत पाणी नि तोंडावर हसू. "हाच, मॅडम! हाच तो वास!"

आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. पडद्यावर या वेळी भिंत गुलाबी, ओलसर, चिकट. निळं पाणी टोचलं. फुगा आला नि राहिला. ॲडेलिन बायनं माझं मनगट धरलं. कड कापली. चिमटा बसला. स्प्रिंग सुटली, अस्तर उचललं गेलं, ताणलं गेलं, आणखी ताणलं गेलं.

"फाटेल," ती कुजबुजली. "आता फाटेल."

नाय फाटलं. खाली निळसर जाळी स्वच्छ दिसत होती नि तीवरून सुरी फिरत गेली, अगदी दोघांनी मिळून सोलावं तशी. अख्खी चकती सुटली. रुचितानं श्वास सोडला तो आम्हाला ऐकू आला. पण तिथं थांबली नाय ती. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं, यंत्र लावून, न लावता. एका पोटाला भोक पडलं. ऋतुराज घाबरून स्प्रिंग तपासायला लागला तर ती म्हणाली, "तुझ्या स्प्रिंगचं नाही. माझा हात घसरला. तसंच लिही." आणि तिनं शिरक्यातल्या पोटांचंही लिहायला लावलं, जसं घडलं तसं, स्वतःच्या चुकीसकट. समितीत कुणी हसलं का ते आम्हाला कळलं नाय. शनिवारी संध्याकाळी होकार आला तो एका अटीवर, सर्जन शेजारच्या खोलीत तयार पाहिजे.

मंगळवारी सकाळी युजीनला आत नेताना तो ऋतुराजला म्हणाला, "पोरा, मना शिरक्यान नाय ना घातलं कोणी? नीट हुंगून घे."

ऋतुराजला हसावं की काय करावं कळेना. जे यंत्र त्यानं डुकरांपुरतं पाह्यलेलं ते आता सोरपोतेलबद्दल विचारणाऱ्या माणसाच्या आत जाणार होतं.

दार बंद झालं. ॲडेलिन बाय बाकावर बसली नाय. सर्जनच्या खोलीसमोर जाऊन उभी राहिली, दाराला पाठ लावून. तो बाहेर पडायला निघाला असता तर तिच्या अंगावरून जावं लागलं असतं. एक नर्स म्हणाली, बाई, रस्ता सोडा. ती म्हणाली, "गरज पडली तर सोडीन."

पडली नाय. दुपार कलल्यावर रुचिता बाहेर आली. हातात बुचाच्या लाकडाची छोटी फळी, तिच्यावर टाचण्यांनी ताणून बसवलेली गुलाबी चकती, मधोमध काळपट लाल खवंद. दमलेल्या चेहऱ्यानं ती म्हणाली, "अख्खी निघाली. कडा तपासून यायच्या आहेत, पण मला चांगल्या दिसतायत."

ॲडेलिन बायनं चकतीकडं बघितलं. एवढीशी? एवढ्याशा गोष्टीनं घर हलवलं?

"नि बाकीचं पोट?"

"आहे तिथंच."

ती तिथंच फरशीवर बसली. बसल्या बसल्या एकदम घाबरून तिनं रुचिताचा डगला पकडला.

"हे धुतलं नाय ना कोणी?"

"नाही आंटी," रुचिता म्हणाली. "कुणीही धुतलेलं नाही."

कडा स्वच्छ निघाल्या. युजीन आता घरी आहे, दुर्बिणीच्या फेऱ्या चालू आहेत, पोट शाबूत आहे नि तोंडही. पहिले दिवस पेज प्यायला लागली तेव्हा त्यानं एवढ्या शिव्या दिल्या की गल्लीला कळलं, माणूस बरा आहे.

पडवी परत उघडली. शनिवार-रविवारचं पोट आजही पांढरं शुभ्र, लोणच्याच्या वासाचं. पण रुचिता आता दुसऱ्या डॉक्टरांना हे काम शिकवते, त्यांना पोटं लागतात, नि ती ॲडेलिन बायकडूनच जातात. त्याचा डबा वेगळा, झाकणाला लाल फडकं बांधलेला. तो डबा घरात असला की ती खिडक्या बंद करते, अगरबत्ती लावते नि दिवसभर कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाय. सवय जाते कुठं?

मागच्या आठवड्यात टॉवरचे ते इस्त्रीवाले गृहस्थ आले. रुमाल हातातच होता. युजीन पडवीत वाटी घेऊन बसलेला.

"बाई, आज खरंच वास येतोय हो," ते म्हणाले. या वेळी भांडण नव्हतं त्यांच्या आवाजात, नुसतं आश्चर्य होतं.

ॲडेलिन बाय लाल फडक्याच्या डब्यापुढं येऊन उभी राहिली. कानापर्यंत लाल झालेली.

"येतो," ती बोलली. "यायलाच पायजे. उद्या सकाळी जाईल. तोवर काका, तुमचा रुमाल लावा."